कपडे बदलायची खोली

आपल्या स्मरणिकेत दरवर्षी एखादा तरी लेख २ ऑगस्ट १९५४ वर असतोच, आणि असावाही. राजा वाकणकर, सुधीर फडके, बाबासाहेब पुरंदरे ही मंडळी सिल्वासा मुक्त करायला कशी आली, हे इथल्या जुन्या मराठी घरांना तोंडपाठ आहे. म्हणून यंदा मी इतिहासच घेतला आहे, पण वेगळा. आजारी माणसाची शुश्रूषा करणारे डॉक्टर, परिचारिका, वॉर्डबॉय, आशाताई यांच्या सुरक्षेचा हा इतिहास आहे. तो कोणी सलग लिहिलेला माझ्या पाहण्यात नाही. तुकड्या-तुकड्यांनी मात्र तो पुष्कळ ठिकाणी सापडतो, आणि त्यातला बराचसा एकाच वस्तीत घडला आहे : परळ, लालबाग, चिंचपोकळी. आपल्यातल्या अनेकांची मूळ घरे तिकडचीच. कोणाचे आजोबा गिरणीत होते, कोणाची आत्या अजून चाळीत आहे. लालबागच्या राजाच्या रांगेत जे कधी उभे राहिले आहेत, त्यांनी या लेखातली बहुतेक ठिकाणे चालता चालता पाहिलेली आहेत.

सुरुवात प्लेगपासून करावी लागते. लोकमान्यांनी गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप दिले ते १८९३ मध्ये. त्यानंतर तीनच वर्षांनी, सप्टेंबर १८९६ मध्ये, मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासियो गॅब्रियल व्हिएगस यांनी पहिला प्लेगचा रुग्ण ओळखला. व्हिएगस मूळचे गोव्याचे, म्हणजे तेव्हाच्या पोर्तुगीज मुलखातले. आपला नगर हवेलीही त्या वेळी त्याच राजवटीत होता, म्हणून हे नाव आपल्याला जवळचे वाटायला हरकत नाही. धोबीतलावाजवळ त्यांचा पुतळा आहे. येणाऱ्या-जाणाऱ्यांपैकी किती जणांना तो कोणाचा हे माहीत असते, देव जाणे.

प्लेगच्या रोग्यांना ठेवण्यासाठी आर्थर रोडवर सरकारी रुग्णालय होते. तेच आजचे कस्तुरबा रुग्णालय. ऑक्टोबर १८९६ च्या अखेरीस या रुग्णालयावर हजाराच्या आसपास गिरणी कामगार चालून गेले. रुग्णालयावरच्या जमावाच्या हल्ल्यांच्या आपल्याकडील ज्या जुन्या नोंदी आहेत, त्यातली ही एक. कामगार का चिडले, ते समजून घेतले पाहिजे. माणसाला ताप आला की शिपाई यायचे, घरातून उचलून न्यायचे. घरच्यांना आत सोडत नसत. जात, पडदा, खाणेपिणे कशाचाच विचार नसे. आणि आत गेलेला बहुतेक वेळा परत येत नसे, कारण प्लेगवर तेव्हा औषधच नव्हते. मग वस्तीत कुजबुज सुरू झाली, की आत माणसाला मारून त्याच्या अंगातून मोमियाई काढतात. मोमियाई म्हणजे मानवी शरीरापासून बनवलेले म्हणे कसलेसे गुणकारी तेल. आज हसू येते. पण ज्याचा बाप चालत गेला आणि ज्याला त्याचे प्रेतसुद्धा धड पाहायला मिळाले नाही, त्याने काय समजायचे?

सरकारने यावर उपाय केला तो कायद्याचा. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला. जेमतेम चार कलमांचा हा कायदा. सरकारला हवे ते नियम करण्याचा अधिकार, आगबोटी तपासण्याचा अधिकार, नियम मोडणाऱ्याला शिक्षा, आणि शेवटच्या कलमात या कायद्याखाली सद्भावनेने काम करणाऱ्याविरुद्ध कोणाला दावा लावता येणार नाही, असे संरक्षण. म्हणजे संरक्षण होते, पण ते अंमलदाराला कोर्टापासून. रोग्याच्या उशाशी बसणाऱ्याला रोगापासून किंवा दगडापासून वाचवणारा एक शब्दही त्यात नव्हता. सव्वाशे वर्षे तो कायदा तसाच राहिला.

पुण्यात त्याच कायद्याच्या जोरावर गोऱ्या सोजिरांनी घराघरांत काय केले आणि त्याचा शेवट २२ जून १८९७ ला गणेशखिंडीत कसा झाला, ते चापेकर बंधूंमुळे सर्वांना ठाऊक आहे. त्याच पुण्यात त्याच वर्षी घडलेली दुसरी गोष्ट आपण त्या मानाने कमी सांगतो. सावित्रीबाई फुले आणि त्यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरच्या बाजूला, गावाबाहेर, प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना चालवला. मुंढव्याच्या वस्तीतल्या एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी स्वतः उचलून आणले. त्यांना लागण झाली, आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. वय सहासष्ट. शाळेच्या पुस्तकात त्यांचा मुलींच्या शाळेचा धडा असतो. त्यांचा मृत्यू रुग्णसेवेत झाला, ही ओळ धड्याच्या अखेरीस येते आणि पुढची घंटा होते.

एक लक्षात घ्या. इकडे आर्थर रोडवर लोक रुग्णालय फोडायला निघाले होते आणि तिकडे हडपसरला लोक आपली माणसे आणून सोडत होते. रोग एकच, औषध दोन्हीकडे नाहीच. फरक होता तो, समोर कोण उभे आहे आणि ते आपल्याशी बोलते का, याचा. सरकारलाही हे उशिरा का होईना कळले. १८९८ मध्ये मार्चला मुंबईत पुन्हा मोठा दंगा झाला आणि त्यानंतर जोरजबरदस्ती हळूहळू सैल झाली. निरनिराळ्या समाजांना आपापली प्लेग रुग्णालये काढू दिली, नातेवाइकांना जवळ राहू दिले. दगड थांबायला ह्या गोष्टी जास्त उपयोगी पडल्या, असे माझे मत आहे.

याच काळात डॉ. हाफकिन यांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली, तीच हाफकिन संस्था. तिथून चालत थोड्या अंतरावर १९२६ साली केईएम रुग्णालय उघडले. शेठ गोवर्धनदास सुंदरदास यांच्या देणगीतून त्याला जोडलेले वैद्यकीय महाविद्यालय निघाले, ते एका अटीवर : शिकवणारे सगळे भारतीय हवेत. गोऱ्यांच्या राज्यात घातलेली ही अट. गिरणगावाचे हे रुग्णालय आपल्याच माणसांनी, आपल्याच माणसांसाठी चालवले. त्यावर दगड पडण्याचे कारण नव्हते. धोका आला तो आतून.

२७ नोव्हेंबर १९७३. अरुणा शानबाग ही पंचवीस वर्षांची परिचारिका केईएममध्ये नोकरीला होती. गाव हळदीपूर, उत्तर कन्नड जिल्हा. आपल्या कारवारच्या खालचा पट्टा. त्याच रुग्णालयातल्या एका डॉक्टरशी तिचे लग्न ठरलेले होते. कुत्र्यांवर शस्त्रक्रियेचे प्रयोग जिथे होत, त्या विभागात ती काम करत होती. तिथल्याच एका सफाई कामगाराला ती कामावरून बोलली होती. संध्याकाळी ड्यूटी संपल्यावर ती तळघरात कपडे बदलायला गेली. त्याने तिच्या गळ्याभोवती कुत्र्याची साखळी आवळली, अत्याचार केला आणि दागिने घेऊन पळाला. मेंदूला रक्तपुरवठा थांबला. दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेआठला झाडायला आलेल्या माणसाला ती दिसली. म्हणजे तीनशे-चारशे माणसांची सतत ये-जा असलेल्या इमारतीत ती रात्रभर तळघरात पडून होती आणि कोणाला पत्ता नव्हता.

मी स्थापत्याचा डिप्लोमा करून सरकारी बांधकाम खात्यात लागलो, त्याला आता वीस-बावीस वर्षे होतील. इमारतींशीच रोजचा संबंध. त्यामुळे ही हकीकत वाचताना माझे मन कुठे अडते सांगू? तळघरात. माणूस दुष्ट होता, हे खरेच. पण परिचारिकेला कपडे बदलायला तळघरात का जावे लागले? साडी नेसून घरून येणाऱ्या, गणवेश चढवून बारा तास उभ्या राहणाऱ्या बायका त्या रुग्णालयात शेकड्यांनी होत्या. त्यांच्यासाठी वर, उजेडात, आतून कडी असलेली आणि बाहेरून माणसांची वर्दळ असलेली एक खोली ठेवायची, यासाठी कोणता मोठा खर्च लागतो? दहा बाय दहाची खोली, एक पंखा, एक नळ. आजच्या भावातसुद्धा एका मशीनच्या पैशात पाच-सहा होतील.

या घटनेनंतर मुंबईतल्या परिचारिका संपावर गेल्या. मागण्या दोन : अरुणाची नीट काळजी घ्या आणि आमच्या कामाची परिस्थिती सुधारा. पहिली मागणी त्यांनी पुढे स्वतःच पूर्ण केली, बेचाळीस वर्षे. दुसरीचे काय झाले, ते पुढे येईल.

खटला चालला तो जबरी चोरीचा आणि जीवे मारण्याच्या प्रयत्नाचा. झालेल्या अत्याचाराचा गुन्हा नोंदवलाच गेला नाही. मुलीची बदनामी होईल, ठरलेले लग्न आहे, ही भीती त्यामागे होती, असे सांगतात. आरोपीला सात वर्षे झाली आणि ती भोगून तो सुटला. अरुणाला शिक्षेची मुदत नव्हती.

वॉर्ड क्रमांक चारला लागून असलेल्या छोट्या खोलीत ती होती. दिसत नव्हते, बोलता येत नव्हते, ओळखही नव्हती. भरवणे, अंग पुसणे, कूस बदलणे हे सगळे तिथल्या परिचारिका करत राहिल्या. जुन्या निवृत्त झाल्या, नव्या आल्या, त्यांनी ते काम जणू वारशाने घेतले. ऐंशीच्या दशकात महापालिकेने खाट मोकळी व्हावी म्हणून तिला दुसरीकडे हलवण्याचा दोनदा प्रयत्न केला. परिचारिकांनी विरोध केला आणि पालिकेला माघार घ्यावी लागली. पत्रकार पिंकी विराणी यांनी तिच्यावर पुस्तक लिहिले आणि पुढे तिचे जबरदस्तीने भरवणे थांबवावे, तिला सुटका मिळावी म्हणून सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. ७ मार्च २०११ ला न्यायालयाने तो अर्ज फेटाळला. तिच्या वतीने बोलण्याचा हक्क रुग्णालयातल्या माणसांचा, कारण इतकी वर्षे त्यांनीच तिला सांभाळले, असे न्यायालयाने म्हटले. इतक्या वर्षांत तिच्या अंगावर एकही शय्याव्रण नाही, याची नोंद त्या प्रकरणात झाली. ज्यांनी घरात अंथरुणाला खिळलेले म्हातारे माणूस सांभाळले आहे, त्यांना या एका वाक्याचा अर्थ वेगळा सांगायला नको. निकालाच्या दिवशी परिचारिकांनी मिठाई वाटली. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने अरुणा गेली.

या निकालाची आठवण देशात राहिली ती इच्छामरणाच्या चर्चेसाठी. परिचारिकांच्या त्यागाचे कौतुकही भरपूर झाले आणि ते योग्यच होते. मला मात्र नेहमी वाटते, की या कौतुकाच्या ओझ्याखाली मूळ प्रश्न दबला. त्या बायका रोज त्या खोलीत जात होत्या आणि आपल्यासारखीच एक, आपल्याच वयाची, आपल्याच गणवेशातली बाई कपडे बदलायला गेली आणि तिचे हे झाले, हे रोज पाहत होत्या. रात्रपाळीला जिना उतरताना त्यांच्या मनात काय येत असेल? ‘सिस्टर’ म्हणून हाक मारली की आपण मोकळे होतो; बहीण थकत नाही, घाबरत नाही, असे आपण गृहीतच धरतो. मनाचे आरोग्य हा शब्द आता सगळीकडे ऐकू येतो. त्या बेचाळीस वर्षांत कोणी त्या परिचारिकांना, बाई, तुम्ही कशा आहात, असे विचारले असेल का, मला शंका आहे.

आता कायद्याची पुढची पायरी. डॉक्टरांना मारहाण आणि रुग्णालयांची तोडफोड वाढत चालली, म्हणून महाराष्ट्राने २०१० साली स्वतंत्र कायदा केला. रुग्णालयात हिंसा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र, आणि मोडतोडीच्या दुप्पट भरपाई. कायदा कडक आहे. त्याचा फलक आता बहुतेक रुग्णालयांत दारातच लावलेला असतो, बहुधा केसपेपरच्या खिडकीशेजारी. ती रांग लागलेली असते, कोणाचे तरी पोर कडेवर रडत असते, आणि भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते की माराल तर तुरुंगात जाल. आलेल्या माणसाचे हे स्वागत!

कायदा होऊन सात वर्षांनी, मार्च २०१७ मध्ये, धुळ्याच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात एका तरुण निवासी डॉक्टरला जमावाने इतके मारले की त्याच्या एका डोळ्याची दृष्टी गेली. अपघातातला रुग्ण आला होता, डोक्याला मार होता, मेंदूच्या शल्यविशारदाची गरज होती आणि तिथे तो नव्हता. दुसरीकडे न्या, असे ऐकून नातेवाईक भडकले. मेंदूचा सर्जन नेमणे हे त्या पोराच्या हातात होते का? पण रात्रीच्या वेळी सरकार म्हणून त्यांच्या पुढ्यात उभा होता तोच. १८९६ ला आर्थर रोडवर जे झाले त्याच जातीची ही गोष्ट आहे : व्यवस्थेवरचा राग हाताशी सापडेल त्या माणसावर निघतो.

राज्यभरचे निवासी डॉक्टर सामुदायिक रजेवर गेले. उच्च न्यायालयाने त्यांना कानपिचक्या दिल्या, सरकारलाही सुरक्षेबद्दल विचारले. महाराष्ट्र राज्य सुरक्षा महामंडळाचे ११०० रक्षक टप्प्याटप्प्याने सरकारी रुग्णालयांत नेमू, एका रुग्णाबरोबर दोनच नातेवाईक पासवर सोडू, असे ठरले. दोन पासांचा नियम आपल्याला जाचतो, हे मी समजू शकतो. आपल्या पद्धतीत एक आजारी पडला की गावातले आठ जण जीपमधून येतात. न येणे म्हणजे माणुसकी सोडणे. पण अतिदक्षता विभागाच्या दारात आठ माणसे, प्रत्येकाचा वेगळा प्रश्न, आणि उत्तर द्यायला छत्तीस तास न झोपलेला एक मुलगा, हे चित्रही डोळ्यांसमोर आणावे. त्या पोराची आई त्याला याच आठवड्यात किती वेळा फोनवर जेवलास का विचारून थकलेली असते.

छत्तीस तास हा आकडा मी अंदाजाने घातलेला नाही. निवासी डॉक्टरांच्या सलग ड्यूट्या तेवढ्या चालतात, हे न्यायालयांतही मांडले गेले आहे. खरे तर केंद्र सरकारने १९९२ सालीच सांगितले होते, की सलग काम साधारणपणे बारा तासांपेक्षा आणि आठवड्याचे काम अठ्ठेचाळीस तासांपेक्षा जास्त नसावे. ते कागदावर राहिले. २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कृतिदलाने वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावर अहवाल दिला, त्यात निवासी डॉक्टरांना आठवड्याला चौऱ्याहत्तर तासांपेक्षा जास्त काम देऊ नये, एक दिवस सुट्टी आणि सात-आठ तास झोप मिळावी, अशी शिफारस आहे. बत्तीस वर्षांत अठ्ठेचाळीसचे चौऱ्याहत्तर झाले, आणि तरी ती सुधारणाच म्हणायची. आमच्या कार्यालयात मार्चअखेरीला चार दिवस उशिरापर्यंत थांबावे लागले तर आम्ही वर्षभर ते सांगत असतो.

मे २०१९ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात शिकणाऱ्या एका तरुण आदिवासी डॉक्टर मुलीने आत्महत्या केली. जळगावकडच्या तडवी भिल्ल समाजातली ती, स्त्रीरोगशास्त्र शिकत होती. वरिष्ठांनी जातीवरून छळल्याचा आरोप झाला, प्रकरण न्यायालयात आहे, त्यावर मी काही लिहिणार नाही. पण आपण राहतो त्या प्रदेशात निम्म्याहून जास्त लोक वारली, धोडिया, कोकणा समाजाचे आहेत. त्यांची मुले-मुली आता सिल्वाशाच्या वैद्यकीय महाविद्यालयापर्यंत पोचू लागली आहेत. २०१९ लाच सुरू झालेले हे महाविद्यालय आपल्या विनोबा भावे रुग्णालयाला जोडलेले आहे. या मुलांच्या घरात डॉक्टर होणारे ते पहिलेच. अडचण कोणाला सांगावी, हेसुद्धा त्यांना सांगणारे घरी कोणी नसते. सरकारची १४४१६ ही टेलिमानस सेवा २०२२ पासून आहे, मराठीतही बोलता येते. आपल्या घरातले कोणी या शिक्षणात असेल तर हा क्रमांक त्याच्या खोलीच्या भिंतीवर असू द्यावा.

आता गोष्ट आपल्या दारापर्यंत येते. २०२० चा एप्रिल आठवा. टाळेबंदी, खडोली-मसाट-अथालचे कारखाने बंद, परप्रांतीय कामगार खोल्यांत अडकलेले. मुंबईत करोनाचे पहिले रुग्ण ज्या कस्तुरबा रुग्णालयात ठेवले, ते एकशे चोवीस वर्षांपूर्वीचे तेच आर्थर रोडचे रुग्णालय. २२ मार्चला आपण सर्वांनी गॅलरीत उभे राहून थाळ्या वाजवल्या. त्यानंतरच्या आठवड्यांत देशात ठिकठिकाणी घरमालकांनी परिचारिकांना आणि डॉक्टरांना खोल्या सोडायला सांगितल्या. थाळी वाजवणारे हात आणि खोली सोडायला सांगणारे हात वेगळे होते असे मानायला मन धजत नाही.

आपल्या सीमेला लागून, डहाणू तालुक्यात, रात्रीचे चोर फिरतात, मुले पळवतात, माणसांची मूत्रपिंडे काढून नेतात, अशी अफवा त्या दिवसांत पसरली. गावोगाव पहारे बसले. १४ एप्रिलच्या सुमारास सारणी गावाजवळ आदिवासी पाड्यांवर मदत करून परतणाऱ्या एका डॉक्टरच्या गाडीवर जमावाने हल्ला केला. सोडवायला गेलेल्या पोलिसांनाही मार बसला. दोन दिवसांनी, १६ एप्रिलच्या रात्री, गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा चालक जमावाच्या हाती सापडले आणि मारले गेले. ते सुरतकडे निघाले होते आणि दादरा नगर हवेलीच्या सीमेवरून परत फिरवले गेले होते. खानवेलहून गडचिंचले किती लांब, ते तुम्हाला माहीत आहे. साधूंच्या हत्येची बातमी देशभर गेली, तिच्यावरून राजकारणही झाले. दोन दिवस आधीची डॉक्टरची बातमी मात्र आतल्या पानावर राहिली. मोमियाई आणि मूत्रपिंड, शब्द तेवढा बदलला. १८९६ साली गिरणगावात जी भीती होती तीच २०२० मध्ये आपल्या शेजारच्या पाड्यांवर होती, आणि दोन्ही वेळेला, घरात कोंडलेल्या, बाहेरचे काही न कळणाऱ्या माणसांना खरे काय ते सांगायला वेळेवर कोणी पोचले नव्हते. पोचू शकल्या असत्या त्या आशाताई. त्यांना तेव्हा मिळणारे मानधन किती होते आणि जून २०२१ मध्ये राज्यातल्या आशा सेविकांना संपावर का जावे लागले, हा वेगळा लेख होईल.

त्याच महिन्यात, २२ एप्रिल २०२० ला, केंद्राने वटहुकूम काढून १८९७ चा तो चार कलमी कायदा दुरुस्त केला. आरोग्य कर्मचाऱ्यावर हल्ला केल्यास तीन महिने ते पाच वर्षे कैद, गंभीर दुखापत असल्यास सात वर्षांपर्यंत. तीस दिवसांत तपास, वर्षात निकाल. सावित्रीबाई गेल्या त्या वर्षीचा कायदा रुग्णसेवा करणाऱ्या माणसाचे नाव घेण्याइतका शहाणा व्हायला एकशे तेवीस वर्षे लागली. त्या वर्षी लालबागच्या राजाच्या मंडळाने मूर्ती बसवली नाही, ‘आरोग्योत्सव’ केला, रक्तदान शिबिरे भरवली. परळच्या केईएमपासून ते ठिकाण हाकेच्या अंतरावर.

आणि मग ९ ऑगस्ट २०२४. कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात रात्रपाळीवरच्या तरुण डॉक्टरवर अत्याचार आणि तिचा खून. खूप तासांच्या कामानंतर ती पाठ टेकायला गेली होती ती सेमिनार हॉलमध्ये. कारण झोपायला दुसरी सोय नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि २० ऑगस्टला सुनावणीत सरन्यायाधीश चंद्रचूड यांनी नाव घेतले ते अरुणा शानबाग हिचे. एक्कावन्न वर्षांनी. परळला कपडे बदलायला खोली नव्हती म्हणून तळघर, कोलकात्याला झोपायला खोली नव्हती म्हणून सेमिनार हॉल. १९७३ च्या संपातली ती दुसरी मागणी कुठवर आली होती, त्याचे उत्तर हे.

न्यायालयाने नेमलेल्या राष्ट्रीय कृतिदलाने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अहवाल दिला. आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी वेगळ्या केंद्रीय कायद्याची गरज नाही, असे त्यात म्हटले आहे. राज्यांचे कायदे आहेत, फौजदारी कायदा आहे, तो पुरे. डॉक्टरांच्या संघटनांना ते आवडले नाही. मला स्वतःला कृतिदलाचे पटते, कारण कायदा २०१० लाही होता आणि धुळे २०१७ ला घडले. न्यायालयाच्या आदेशात ज्या गोष्टींचा उल्लेख आहे त्या वाचल्या तर बांधकामवाल्याला आपल्या रोजच्या कामाची यादी वाचल्यासारखे वाटते : स्त्रियांसाठी आणि पुरुषांसाठी वेगळ्या विश्रांतीच्या खोल्या, पुरेसा उजेड, ये-जा करण्याच्या वाटांवर कॅमेरे, रात्री दहा ते सकाळी सहा घरी पोचवायला वाहन. केंद्रीय आरोग्य खात्यानेही त्याच ऑगस्टमध्ये कळवले, की हल्ला झाला तर सहा तासांच्या आत संस्थेनेच पोलिसांत गुन्हा नोंदवावा. मार खाल्लेल्या परिचारिकेने एकटीने पोलीस ठाण्याच्या बाकावर जाऊन बसायचे नाही. ही गोष्ट मला त्या सगळ्या यादीत महत्त्वाची वाटली. १९७३ ला संस्थेने तिच्या नावाने पूर्ण गुन्हा नोंदवला नव्हता, हे आठवले की त्याचे मोल कळते.

नोकरीच्या निमित्ताने ग्रामीण आरोग्य केंद्रांचे नकाशे माझ्या टेबलावरून जातात. कुठल्या केंद्राचे ते सांगत नाही. नकाशात ‘कर्मचारी कक्ष’ म्हणून एक चौकोन बहुतेक वेळा असतो. इमारत ताब्यात दिल्यावर वर्षभराने गेलो की त्या चौकोनात औषधांची खोकी, मोडकी खुर्ची, मच्छरदाण्यांचे गठ्ठे असतात आणि सिस्टर बाई प्रसूतिकक्षाच्या मागे पडदा लावून कपडे बदलत असतात. त्यांना विचारले तर म्हणतात, चालतंय हो साहेब. आता नवा नकाशा आला की मी आधी तो चौकोन शोधतो. जिन्याखाली असला, मागच्या बाजूला असला, दार बाहेर उघडणारे असले तर पेन्सिलीने गोल करतो आणि शेजारी प्रश्नचिन्ह काढून वर पाठवतो. कधी खोली पुढे सरकून ड्यूटी टेबलाशेजारी येते. कधी नकाशा तसाच मंजूर होऊन परत येतो, पेन्सिल खोडलेली असते.